हरित रोजगाराचा जुना हिशेब : पुण्याच्या कचरावेचक बायांपासून मुंबईच्या मोटर लोडरपर्यंत

'हरित रोजगार' हा शब्द सध्या सरकारी योजनांत, कंपन्यांच्या अहवालांत आणि एनजीओंच्या कार्यशाळांत सारखा ऐकू येतो. सोलर पॅनेल बसवणारा तरुण, इलेक्ट्रिक गाडी दुरुस्त करणारी तरुणी अशी चित्रे त्याच्यासोबत येतात. जणू पर्यावरण वाचवणारे काम आत्ता कुठे जन्माला येत आहे आणि आपल्या पोरांनी रांगेत उभे राहून प्रशिक्षणाचा फॉर्म भरायचा आहे. दुसरीकडे आपल्याच अनेक कार्यकर्त्यांना हवामान बदल हा विषय पोट भरलेल्यांचा छंद वाटतो. ॲट्रॉसिटी, आरक्षण, शिष्यवृत्ती, गायरान हे आपले प्रश्न. वाघ आणि झाडे हे त्यांचे प्रश्न.

या दोन्ही समजुती इतिहासासमोर टिकत नाहीत. शहराने फेकलेला कागद, काच, पत्रा, प्लास्टिक उचलून पुन्हा कारखान्यात पोहोचवण्याचे काम महाराष्ट्रात किमान दोन-तीन पिढ्या दलित बाया करत आल्या आहेत. त्याला कोणी हरित म्हटले नाही, रोजगार तर नाहीच नाही. त्याला घाण म्हटले, चोरी म्हटले. आणि त्या कामाला जो काही मान, जे काही संरक्षण मिळाले ते कोणत्याही हवामान परिषदेने दिलेले नाही; ते बायांनी संघटना बांधून मिळवले. तो इतिहास आंबेडकरी तरुणांना तोंडपाठ असायला हवा. तो नसल्यामुळे आज आपल्याच वस्तीतले काम 'हरित' पाटी लावून दुसऱ्याच्या ताब्यात जाताना आपण बघत बसतो.

सुरुवात पुण्यापासून करू. 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर भागातली भूमिहीन कुटुंबे शहरांकडे ढकलली. तो दुष्काळ हवामान बदलामुळे पडला असा दावा मी करत नाही. पण आज हवामानामुळे होणाऱ्या स्थलांतराची जी वर्णने वाचायला मिळतात, ती सगळी त्या लोंढ्याला लागू पडतात. पाऊस सगळ्यांसाठीच पडला नव्हता. तरी ज्यांच्याकडे विहीर, जमीन, नात्यातला सावकार होता ते गावात तगले. महार, मांग यांची घरे रिकामी झाली. पुरुषांना हमाली, बिगारी मिळाली. बायांना घरकामही सहज मिळत नव्हते, कारण घरात घेण्याआधी जात विचारली जायची. कचराकुंडीपाशी मात्र कोणी जात विचारत नाही. तिथे भांडवल लागत नाही, शिफारस लागत नाही, एक पोते लागते. पुण्यातल्या कचरावेचकांत दलित बायांची संख्या इतकी प्रचंड का, याचे उत्तर एवढे साधे आहे.

पहाटे निघायचे, कुंड्या उपसायच्या, कुत्री हाकलायची, दुपारी वस्तीत बसून माल निवडायचा, संध्याकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर घालायचा. काटा त्याचा, भाव त्याचा, उचल त्याची. काचेने कापलेल्या हातांना औषध नाही. चोरी झाली की पोलीस आधी पोतेवालीला धरणार.

1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचे लोक या वस्त्यांत गेले. त्यांना शिकवायचे होते. बायांना अक्षरे नको होती असे नाही, पण आधी कुंडीत हात घालणे टळायला हवे होते. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी सोसायट्यांशी बोलून ओला-सुका कचरा घरातच वेगळा करून तो थेट बायांना मिळेल अशी व्यवस्था काही ठिकाणी लावली. ती जरा रुळते आहे तोच एका खासगी उद्योजकाने मोटरगाडी आणून तीच सेवा देऊ केली. म्हणजे बायांनी कचरा वेगळा करून त्याची किंमत दाखवून दिली आणि किंमत दिसताच मालक उगवला. या प्रसंगाकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पुढच्या तीस वर्षांत हाच प्रसंग नाव बदलून पुन्हा पुन्हा घडला आहे.

बाया रस्त्यावर उतरल्या. मे 1993 मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली, आठशेहून अधिक जणी जमल्या आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. पाठीशी डॉ. बाबा आढाव होते. हमाल पंचायतीचा नमुना समोर होता: दयेची मागणी करायची नाही, वर्गणी भरायची, ओळखपत्र घ्यायचे, कामाचा भाव ठरवायचा. बाबा आढाव सत्यशोधक-समाजवादी परंपरेतले. 'एक गाव एक पाणवठा' हे त्यांचेच. इथे एक टोचणारी गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या काळात आपले पक्ष, आपले गट-तट फुटत होते आणि जुळत होते, आणि आपल्याच आयाबहिणींची ही संघटना बांधायला दुसऱ्या विचारधारेतली माणसे पुढे आली. त्यांचे श्रेय त्यांना देऊ. आपण तिथे का नव्हतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारू.

पंचायतीची पहिली मोठी मिळकत पैशाची नव्हती, ओळखपत्राची होती. 1995-96 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्राला मान्यता दिली. बाहेरून बघणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. ज्या बाईला पोलीस पोते उलटे करून दाखवायला लावतो, तिच्या गळ्यात महापालिकेचे नाव असलेले कार्ड येणे म्हणजे संशयितापासून कामगारापर्यंतचा प्रवास आहे. आपल्या इतिहासात चावडीवरच्या हाकेला 'जी' म्हणणारा माणूस सहीचा कागद दाखवू लागला, तेव्हा गावगाडा हादरला होता. त्याच जातीची ही घटना आहे.

मग आला हिशेब. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यातल्या कचरावेचकांचा अभ्यास झाला. त्यात मांडले गेले की प्रत्येक कचरावेचक महापालिकेला दरमहा 246 रुपयांचे श्रम फुकट देते. कारण तिने उचललेला प्रत्येक किलो महापालिकेच्या ट्रकमध्ये जात नाही, डेपोवर पडत नाही, त्यासाठी डिझेल जळत नाही. आकडा लहान दिसतो. पण त्याने वाटाघाटीची भाषाच उलटी केली. तोवर महापालिका 'या गरीब बायांसाठी काही करू' म्हणत होती. आता बाया म्हणू लागल्या की तुम्ही आमचे देणे लागता. त्यानंतर 2002-03 मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. कामाच्या जागी सुरक्षितता हा विषय अशा रीतीने प्रथमच त्यांच्या वाट्याला आला, आणि तोही आकडेमोडीच्या जोरावर.

आज त्याच हिशेबात आणखी एक रकाना वाढला आहे. ओला कचरा डेपोवर ढिगात दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन वायू सुटतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो. कचरा दारातच वेगळा झाला, ओल्याचे खत झाले, सुक्याचा पुन्हा माल झाला, तर हा वायू बनतच नाही. शिवाय नवा कागद, नवा पत्रा, नवे प्लास्टिक बनवण्याची वीज वाचते. म्हणजे 1993 च्या परिषदेतल्या बाया हवामानाचेच काम करत होत्या. फक्त त्या कामाचा मोबदला ठरवणारे टेबल त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

2007 मध्ये पंचायतीने 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था नोंदवली आणि 2008 मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. दारोदार कचरा गोळा करायचा, घरमालकाने दरमहा थोडके शुल्क थेट बाईला द्यायचे, सुका माल तिचा. महापालिकेने ढकलगाड्या, हातमोजे, बूट, निवडायला शेड द्यायचे. तीन हजारांहून अधिक कामगारांची ही संस्था उभी राहिली. कुंडीत वाकण्याऐवजी दारात उभे राहून कचरा घेणे, हा बदल डोळ्यांनी पाहिला आहे त्यालाच त्याची किंमत कळेल.

पण कागदावरच्या ओळी आपोआप अमलात येत नाहीत. हातमोजे वेळेवर येत नाहीत, येतात ते दोन आठवड्यांत फाटतात. करार संपला तो 2013 मध्ये. नवा व्हायला 2016 उजाडले. मधल्या काळात बाया कामावर होत्या, करार मात्र कामावर नव्हता. 2020 नंतर पुन्हा तेच: मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि शेजारच्या दालनात काम कंपनीला देण्याची चर्चा. कोविडच्या टाळेबंदीत जेव्हा शहर दारे लावून बसले होते, तेव्हा रुग्णांच्या घरातला कचराही याच उचलत होत्या. त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या. थाळी वाजवणाऱ्या शहरात करारावर सही मात्र झाली नाही.

सुरक्षिततेच्या प्रश्नावर या संघटनेने जे केले त्यातला एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात येतात आणि निवडताना हाताला लागतात. बायांना त्यातून होणारा त्रास, किळस, जंतुसंसर्ग यांवर बोलायलाही जागा नव्हती. 2011 च्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादकाच्या जबाबदारीचे तत्त्व आले होते. त्याचा आधार घेऊन 2013 मध्ये 'स्वच्छ'च्या कामगारांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवून दिल्या. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याचे बंधन उत्पादकांवर आले, आणि 'कचरावेचक' या शब्दाची कायदेशीर व्याख्याही आली. शिवाशिवीच्या देशात ज्यांना सर्वांत विटाळाचे काम दिले, त्यांनी तो विटाळ पार्सल करून मालकाच्या टेबलावर पाठवला. याहून चांगले आंबेडकरी आंदोलन मला तरी पटकन आठवत नाही.

इथे आपल्यातले अनेक जण एक आक्षेप घेतील, आणि तो टाळून पुढे जाणे बेइमानी ठरेल. बाबासाहेबांनी तर सांगितले होते की घाण कामे सोडा. 1927 मध्ये महाडला मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे त्यांनी बजावले. गावोगाव महारांनी ते काम सोडले, मार खाल्ला, बहिष्कार सोसला. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणणाऱ्या गांधीजींवर त्यांनी कडक टीका केली. मग कचऱ्यावरचा 'हक्क' मागणे म्हणजे सोडलेली ढोरे पुन्हा ओढणे नव्हे काय?

आक्षेप खरा आहे, पण अर्धा. बाबासाहेबांनी काम सोडायला सांगितले ते जातीने लादलेले, बलुत्याच्या तुकड्यावर केलेले, नाही म्हणण्याची मुभा नसलेले काम. जात ही कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हा त्यांचा मुद्दा होता. आणि त्याच बाबासाहेबांनी मुंबईत महापालिकेच्या कामगारांची युनियनही बांधली. झाडूवाल्याला त्यांनी 'आधी झाडू टाक, मग माझ्याकडे ये' असे सांगितले नाही. त्याच्या पगाराचा, रजेचा, घराचा प्रश्न त्यांनी हातात घेतला. काम सोडण्याची ताकद उपाशी माणसात येत नाही. ती पगार, बचत आणि शिकलेल्या मुलांतून येते. कागद काच पत्रा पंचायतीने अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून लढा दिला आणि ती मिळवली. आईचे काम सुरक्षित करायचे आणि लेकीला त्या कामाबाहेर काढायचे, या दोन्ही गोष्टी एकाच संघटनेने एकाच वेळी करायच्या असतात.

मात्र आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग हरित रोजगाराचे गोडवे गाणाऱ्यांना ऐकवायला हवा. पुनर्वापराचा उद्योग वाढेल, लाखो नोकऱ्या येतील, असे सांगितले जाते. त्यातली निवडणारी, उपसणारी, वाहणारी नोकरी कोणाची आणि यंत्र चालवणारी, मोजणारी, नफा घेणारी कोणाची? पहिली आपल्याला आणि दुसरी त्यांना, अशीच वाटणी होणार असेल तर तो हिरव्या रंगातला गावगाडाच आहे.

पुण्यात बायांना निदान स्वतःची संस्था मिळाली. मुंबईत कामगारांना मालक कोण हेच सिद्ध करावे लागले, आणि म्हणून तो लढा वेगळ्या वाटेने गेला. मुंबई महापालिकेचा कचरा ट्रकमध्ये भरणारे मोटर लोडर, त्यातही कंत्राटी, बहुसंख्य बौद्ध आणि मातंग. 1997 च्या सुमारास मिलिंद रानडे यांच्या पुढाकाराने कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा राहिला. कंत्राटी कामगार कायदा तेव्हा वीस किंवा त्याहून अधिक कामगार असतील तरच लागू व्हायचा. त्यावर महापालिकेने शोधलेली युक्ती बघा: 'हैदराबाद पॅटर्न'च्या नावाखाली अठरा-अठरा कामगारांची कंत्राटे. कुठे तर कामगारांना 'स्वयंसेवक' म्हटले, कंत्राटदाराला संस्था म्हटले, मजुरीला मानधन म्हटले. शब्द बदलला की कायदा लागत नाही. पुढे महाराष्ट्र सरकारने ही वीसची मर्यादाच वाढवून पन्नास केली, म्हणजे महापालिकेची पळवाट राज्याचा हमरस्ता झाली.

गंबूट नाही, मास्क नाही, अंघोळीला पाणी नाही, पगाराची पावती नाही. संघाने 2,700 कामगारांचा दावा औद्योगिक न्यायाधिकरणात नेला. 2014 मध्ये न्यायाधिकरणाने हे कामगार कंत्राटदाराचे नसून महापालिकेचेच आहेत, कंत्राट हा देखावा आहे, असा निकाल दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही एप्रिल 2017 मध्ये कामगारांच्या बाजूने निकाल लागला. दशकभराचा हा लढा चालू असताना यादीतले कित्येक कामगार मेले. निकालानंतरही नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे झाले म्हणून अनेकांची नेमणूक अडवली गेली. कंत्राटदाराच्या कारकुनाने इंग्रजीत चुकीचे लिहिलेले नाव, आणि शिक्षा कामगाराला.

संघटना नसेल तर काय होते ते देवनारला दिसते. 1927 पासून मुंबईचा कचरा तिथे पडतो आहे. जानेवारी 2016 मध्ये डम्पिंग ग्राउंडला आग लागली, धूर शहरभर पसरला, तेव्हा कुठे मुंबईला देवनार आठवले. गोवंडी-मानखुर्दची मुले त्या धुरात वर्षानुवर्षे श्वास घेत होती. आगीनंतर उपाय काय झाला? कचरावेचकांना आत जायला बंदी. ढीग तसाच, वायू तसाच, फक्त त्यातून पोट भरणारी बाई बाहेर.

आता पैशाकडे येऊ, कारण हवामान न्यायाची खरी परीक्षा तिथे आहे. दिल्लीत ओखल्याला कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. क्योटो कराराखालच्या स्वच्छ विकास यंत्रणेत त्याची नोंद झाली, म्हणजे कार्बन क्रेडिट मिळवण्यास तो पात्र ठरला. जळायला हवा कागद आणि प्लास्टिक, तोच कचरावेचकांचा माल. हवामानाच्या नावाने आलेला पैसा जाळणाऱ्याला, आणि न जाळता तोच माल वाचवणारीच्या हातून माल गेला. 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत जगभरच्या कचरावेचकांचे प्रतिनिधी हेच सांगायला गेले होते. पुण्यातही हडपसर-रामटेकडीला 700 टन क्षमतेचा प्रकल्प गाजावाजा करून आणला गेला. तो कधी पूर्ण क्षमतेने चालला नाही, पण 'आता बायांची गरज काय' हा युक्तिवाद मात्र पूर्ण क्षमतेने चालला.

याच्या शेजारी 1944 ची एक गोष्ट ठेवून बघा. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर, आणि त्या पैशातून खाण कामगारांची घरे, पाणी, दवाखाने. विचार सरळ होता: ज्याच्या फुप्फुसात धूळ जाते त्याचा त्या मालाच्या किमतीत वाटा आहे. 2010 मध्ये भारत सरकारने पुन्हा कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी. 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर तो नुकसानभरपाई उपकरात विरघळला आणि राज्यांच्या तिजोरीची तूट भरायला गेला. हजारो कोटींच्या या रकमेत खाण कामगाराचा, राख वाहणाऱ्याचा, कचरावेचकाचा रकाना कुठे होता? 1944 चा कर कामगाराचे नाव घेऊन वसूल झाला. 2010 चा पर्यावरणाचे नाव घेऊन. पर्यावरण म्हटले की माणूस गाळता येतो, ही त्या शब्दाची सोय आहे, आणि म्हणूनच तो शब्द त्यांच्यावर सोडून चालणार नाही.

गटारात मरणाऱ्यांच्या बाबतीत कायदा 2013 मध्ये आला, मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1993 नंतरच्या प्रत्येक मृत्यूला 10 लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. सफाई कर्मचारी आंदोलनाने गावोगाव फिरून मृतांच्या याद्या केल्या नसत्या, तर न्यायालयासमोर मोजायला काही नव्हते. कारण सरकारी उत्तर ठरलेले होते: आमच्याकडे हाताने मैला उपसणारे कोणी नाहीत.

म्हणून सध्याच्या एका कामाकडे लक्ष द्या. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत गटार-सेप्टिक टाकी कामगारांसोबत 2024 पासून कचरावेचकांचीही नोंद सुरू झाली आहे. ओळखपत्र, सुरक्षा साधने आणि आरोग्य विमा त्या नोंदीला जोडलेले आहे. नोंद महापालिका-नगरपालिकांमार्फत होते. पुण्यात संघटना आहे, तिथे बाया स्वतःची नावे स्वतः तपासतील. लातूर, नांदेड, परभणी, अकोल्याच्या भंगार दुकानांपुढे बसणाऱ्या बायांची नावे कोण घालणार? आपल्या शहरातल्या नगरपालिकेत जाऊन यादी मागा. यादीत किती नावे आहेत आणि वस्तीत किती जणी पोते घेऊन निघतात, हे दोन आकडे शेजारी लिहा. नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहिले आहे ना, तेही तपासा; मुंबईच्या कामगारांची वर्षे एका अक्षरापायी गेली आहेत.